कॉलेजसाठी डिजिटल मिक्सर घेताय? चॅनल नंतर मोजा, आधी आउटपुट मोजा

आमच्याकडे मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न होता, किती चॅनलचा घ्यायचा, १६ का २४ का ३२. दुकानात गेलं तरी पहिला प्रश्न हाच विचारतात. पण गेली काही वर्षं कॉलेजचे कार्यक्रम करून माझं मत पक्कं झालंय की त्याआधी दोन प्रश्न यायला हवेत. एक, आवाज एकाच वेळी किती ठिकाणी पाठवायचाय. दुसरा, दोन वर्षांनी या मिक्सरमागे कोण उभं राहणार. कारण कॉलेजमध्ये शिकलेला मुलगा टिकत नाही, एफवायला आला, एसवायला मिक्सर हातात बसला आणि टीवायनंतर गेला. व्यावसायिक साउंडवाल्याला योग्य असलेला मिक्सर कॉलेजला योग्य असेलच असं नाही ते यामुळे.

खाली जे लिहितोय ते साधारण चार-पाचशे खुर्च्यांचा हॉल, बाहेर एक ग्राउंड आणि वर्षभर चालणारे लहानमोठे कार्यक्रम असलेलं कॉलेज धरून लिहितोय.

वर्षभराची यादी काढा, फक्त गॅदरिंगची नाही

एक कागद घ्या आणि जूनपासून मार्चपर्यंतचे सगळे कार्यक्रम लिहा. १५ ऑगस्टचं झेंडावंदन, सेमिनार, फ्रेशर्स, युवक महोत्सवाची तयारी, एकांकिका, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, गॅदरिंग, बँड नाइट, पदवीदान. प्रत्येकासमोर किती माईक, किती वाद्यं, लॅपटॉपचा ट्रॅक आहे का, एवढं लिहा.

उदाहरण म्हणून युवक महोत्सवातलं समूहगीत घ्या, ६ गायक आणि ३ साथीदार. गायकांचे ६, तबल्याला २ (डग्ग्याला वेगळा माईक हवाच, नाहीतर तो ऐकूच येत नाही), हार्मोनियम १, कीबोर्ड स्टिरिओ म्हणजे २. झाले ११. निवेदकांचे २ धरले की १३. म्हणजे १६ पुरतील असं वाटतं. आता बँड नाइट लिहा. ड्रमसेटला किक, स्नेअर, हायहॅट, २ टॉम आणि वरचे २ असे ७, बेस १, गिटार २, कीबोर्ड २, ऑक्टोपॅड २, गाणारे ४, निवेदक २, लॅपटॉप २. झाले २२. दोन वायरलेस स्पेअर ठेवले की २४. वर्षातून दोनच वेळा २४ लागतात आणि बाकी वेळा १० सुद्धा लागत नाहीत, हे कागदावर आलं की कमिटीला समजावणं सोपं जातं.

एक सापळा इथे आहे. ब्रोशरवर जो चॅनलचा आकडा असतो तो आणि मिक्सरच्या मागे माईक लावायची जी भोकं असतात त्यांचा आकडा हे दोन वेगळे आहेत. बेहरिंगर एक्स-३२ मध्ये ४० इनपुट चॅनल आहेत, पण मागे माईकची सॉकेट ३२. त्याचाच लहान भाऊ एक्स-३२ कॉम्पॅक्ट, आतली ताकद तीच ४० चॅनलची, पण सॉकेट १६. ॲलन अँड हीथची एसक्यू-५, एसक्यू-६ आणि एसक्यू-७ तिन्ही ४८ चॅनलची आहेत पण माईक सॉकेट अनुक्रमे १६, २४ आणि ३२. बेहरिंगर विंगवर तर ४८ स्टिरिओ चॅनल असूनही मिक्सरवर माईकची सॉकेट फक्त ८ आहेत, बाकी स्टेजबॉक्समधून (स्टेजवर ठेवायची, माईक लावायची वेगळी पेटी) घ्यायची असतात, आणि हे न कळता कोणी नुसता मिक्सर घेतला तर पहिल्याच कार्यक्रमाला पंचाईत होणार. म्हणून कोटेशन मागताना "किती चॅनल" विचारू नका, "माईकची किती सॉकेट आणि कुठे" असं विचारा.

आउटपुट मोजा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण कॉलेजची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

मेन स्पीकर डावा-उजवा २. सबवूफर वेगळा चालवायचा असेल तर १. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर, किमान ४, पुढे गायकांना दोन, तबला-हार्मोनियमला एक, कीबोर्ड-ड्रमला एक. मग लाइव्ह स्ट्रीम किंवा रेकॉर्डिंगसाठी स्टिरिओ २. झाले ९. त्यावर ग्रीनरूममध्ये एक छोटा स्पीकर, म्हणजे पुढच्या नाचाच्या पोरींना आपला नंबर आला ते कळतं आणि बॅकस्टेजची पळापळ निम्मी होते, तो १०. ग्राउंडवर मागे डिले स्पीकर (मागच्या लोकांसाठी, आवाज थोडा उशिरा देणारे) लावले तर ११ किंवा १२.

आता हे आकडे घेऊन मिक्सरकडे बघा. बेहरिंगर एक्सआर-१८ मध्ये मेन २ आणि ऑक्स (मॉनिटर वगैरेंसाठीचे जादा आउट) ६, एकूण ८. चार मॉनिटर आणि स्ट्रीमचे दोन लावले की संपलं. एक्स-३२ कॉम्पॅक्टच्या मागे एक्सएलआर (माईकच्या वायरीला असते तशी तीन पिनांची) आउट ८, मोठ्या एक्स-३२ ला १६. यामाहा टीएफ सिरीजमध्ये टीएफ-१, ३ आणि ५ तिघांनाही १६. स्टेजबॉक्स जोडला की त्याचे आउट वाढतात, उदाहरणार्थ बेहरिंगरच्या एस-१६ मध्ये १६ इन आणि ८ आउट मिळतात, म्हणजे मॉनिटरच्या वायरी स्टेजवरच लागतात.

पण फक्त सॉकेट मोजून भागत नाही, आत बस किती आहेत तेही बघायचं. बस म्हणजे मिक्सरच्या आतली वेगळी मिसळ, प्रत्येक मॉनिटरला एक लागते, आणि रिव्हर्ब-इको सारख्या इफेक्टनासुद्धा लागते. एक्स-३२ मध्ये १६ बस आहेत, त्यातल्या ४ साधारणपणे इफेक्टना जातात, उरल्या १२. वर ६ मॅट्रिक्स, म्हणजे तयार मिसळींची परत मिसळ करून बाहेर पाठवायचे मार्ग. कॉलेजला पुरून उरतात.

स्ट्रीमची मिसळ वेगळी का पाहिजे ते सांगतो. हॉलमध्ये ढोलकी किंवा ड्रम मुळातच जोरात वाजतात, त्यामुळे स्पीकरमध्ये आपण त्यांना फारसं देत नाही, गायकांनाच वर ठेवतो. हॉलमध्ये बसलेल्याला सगळं छान ऐकू येतं. पण हीच मेनची मिसळ यूट्यूबला दिली की घरी बसलेल्या आईवडलांना आणि बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांना नुसता गळा ऐकू येतो, मागे ढोलकी कुठेतरी लांब गल्लीत वाजतेय असं वाटतं, आणि टाळ्या तर अजिबात नाहीत. म्हणून स्ट्रीमला एक स्टिरिओ बस वेगळी द्यायची, पोस्ट-फेडर ठेवायची (म्हणजे चॅनलचा फेडर, आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, हलवला की या मिसळीतही फरक पडतो), त्यात ढोलकी-ड्रम थोडे चढवायचे आणि प्रेक्षकांच्या दिशेने तोंड करून दोन माईक लावून फक्त त्या बसमध्ये टाकायचे. मेनमध्ये ते दोन माईक चुकूनही जाता कामा नयेत, लगेच शिट्टी मारतील.

डिलेचंही इथेच बघून घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटर मागे लावलेल्या स्पीकरला ५८ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, नाहीतर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आउटपुटवर डिले देता येतो का, हे डेमोच्या वेळी करून बघा.

मिक्सर कुठे बसणार

बऱ्याच कॉलेजात मिक्सर विंगेत असतो नाहीतर मागे काचेच्या खोलीत. दोन्हीकडून हॉलमधला आवाज ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही तो मिक्सिंग काय करणार. प्रिन्सिपल सरांना भेटून मागच्या ओळीतल्या चार खुर्च्या मागून घ्या पण मिक्सर हॉलमध्येच ठेवा.

मग स्टेजपासून मिक्सरपर्यंत २५-३० मीटर वायर आली. जुन्या पद्धतीचा जाडजूड मल्टिकोर (सगळ्या माईकच्या वायरी एकत्र असलेली केबल) दोघांनी उचलायचा आणि दरवर्षी त्याची दोन-तीन टोकं तुटायची, त्यापेक्षा स्टेजवर डिजिटल स्टेजबॉक्स आणि मध्ये एक नेटवर्क केबल हा मार्ग कॉलेजसाठी फार चांगला. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. बेहरिंगर-मिडासचं एईएस-५० आहे, एका केबलमधून ४८ चॅनल जातात आणि ४८ परत येतात, मर्यादा १०० मीटर. ही केबल थेट मिक्सर ते स्टेजबॉक्स अशीच लागते, मध्ये नेटवर्क स्विच चालत नाही. शील्ड असलेलीच कॅट-५ई घ्या, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर असलेली. थंडीत कोरड्या हवेत स्टॅटिकचा झटका बसून साध्या केबलवर आवाज क्षणभर तुटतो. यामाहाकडे डांटे आहे, ते गिगाबिट स्विचमधून जातं, फक्त स्विचमधलं वीज वाचवणारं सेटिंग बंद ठेवायचं आणि कॉलेजच्या इंटरनेटच्या जाळ्यात ते कधीही जोडायचं नाही. टीएफला डांटेसाठी कार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं, ते कोटेशनमध्ये आहे का बघा. एसक्यूला एसलिंक पोर्ट असतो, त्यावर एबी-१६८ सारखा १६ इन ८ आउटचा स्टेजबॉक्स लागतो.

केबल घेताना बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते ती अजिबात नको. पूर्ण तांब्याची घ्या, ड्रमवर गुंडाळलेली, आणि एक स्पेअर. ही एक तुटली तर अख्खा कार्यक्रम बंद पडतो.

आणि हे एकदा ठरलं की वरचं सॉकेटचं गणित बदलतं बघा. स्टेजबॉक्स घेतला तर मिक्सरच्या मागची ३२ सॉकेट हॉलच्या शेवटी रिकामीच बसणार, तिथे फक्त लॅपटॉप आणि एखादा निवेदकाचा वायरलेस रिसीव्हर लागतो. म्हणजे लहान मिक्सर आणि मोठा स्टेजबॉक्स अशी जोडी स्वस्तात आणि सोयीची पडू शकते. मोठा मिक्सर मग घ्यायचा तो सॉकेटसाठी नाही, फेडरसाठी.

फेडर हवेत का टॅबलेट चालेल

एक्सआर-१८ किंवा साउंडक्राफ्ट यूआय-२४आर सारख्या पेट्यांवर फेडरच नाहीत, सगळं टॅबलेटवर. यूआय-२४आर तर कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो, ॲपसुद्धा लागत नाही. सेमिनार, पोडियमचे दोन माईक, वर्गातला कार्यक्रम, यासाठी उत्तम आहेत आणि माझं तर म्हणणं आहे की बजेट असेल तर अशी एक छोटी पेटी वेगळी ठेवाच.

पण गॅदरिंग फक्त टॅबलेटवर करू नका. आम्ही एकदा केलं होतं. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सगळं झकास चाललं, संध्याकाळी हॉल भरला, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि समूहनृत्याच्या मध्येच टॅबलेटचं कनेक्शन गेलं. निवेदकाचा माईक चालूच राहिला, पडद्यामागचं बोलणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं आणि परत जोडला जाईपर्यंत आम्ही काहीच करू शकलो नाही. त्या दिवसानंतर मेन मिक्सरला खरे फेडर पाहिजेत यावर मी ठाम आहे. शिट्टी सुरू झाली की हात आपोआप फेडरवर जातो, टॅबलेटवर आधी पान शोधावं लागतं.

टॅबलेट जोडीला मात्र जरूर ठेवा. स्टेजवर गायकाच्या शेजारी उभं राहून त्याचा मॉनिटर सेट करता येतो, मागून ओरडाओरड करावी लागत नाही. त्यासाठी राउटर वेगळा, ५ गिगाहर्ट्झचा, मिक्सरला वायरने जोडलेला, उंच जागी ठेवलेला, आणि त्याचा पासवर्ड साउंड टीमबाहेर कोणालाही द्यायचा नाही. एक्सआर-१८ मध्ये आतलं वायफाय असतं पण त्याच्या भरवशावर मोठा कार्यक्रम करू नये.

फेडर किती? एक्स-३२ वर २५, कॉम्पॅक्टवर १७. एसक्यू-५ वर १७, एसक्यू-६ वर २५, एसक्यू-७ वर ३३. टीएफचंही १, ३, ५ या क्रमाने १७, २५, ३३. यामाहा डीएम-३ लहान आहे, ९ फेडर आणि १६ माईक सॉकेट. फेडर कमी म्हणजे बाकीचे चॅनल दुसऱ्या लेयरवर (बटण दाबलं की त्याच फेडरवर येणारा दुसरा संच) लपतात, आणि नवीन मुलगा नेमका तिथे गोंधळतो, समोर गायक गातोय आणि हा चुकीच्या लेयरवर फेडर वर करतोय. यावर उपाय म्हणजे डीसीए, अनेक चॅनल एकत्र कमी-जास्त करणारा एक फेडर. सगळ्या गायकांचा एक, तालवाद्यांचा एक, ट्रॅकचा एक, निवेदकांचा एक असे गट केले की २४ चॅनलचा कार्यक्रम पाच-सहा फेडरवर चालतो. एक्स-३२ वर असे ८ डीसीए आणि ६ म्यूट ग्रुप आहेत. "स्टेजवरचे सगळे माईक बंद" असा एक म्यूट ग्रुप कायम तयार ठेवा.

सॅम्पल रेटवरून (आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो) ४८ का ९६ असा वाद फार चालतो. एक्स-३२ आणि टीएफ ४८ किलोहर्ट्झवर चालतात, एसक्यू आणि डीएम-३ ९६ वर. कॉलेजच्या हॉलमध्ये माईक कुठे धरलाय याने जेवढा फरक पडतो तेवढा याने पडत नाही, पुढे चला.

मग नेमका कोणता

आता दुसरा प्रश्न, मागे कोण उभं राहणार. माझी कसोटी अशी आहे की डेमोला जाताना ज्याने कधी मिक्सर हाताळलेला नाही असा एक एफवायचा विद्यार्थी बरोबर न्यायचा. दुकानदाराने त्याला दहा मिनिटं शिकवायचं आणि मग त्याने एकट्याने तीन गोष्टी करायच्या, एक माईक चालू करून गेन (माईकचा सुरुवातीचा जोर) लावायचा, त्याला थोडा रिव्हर्ब द्यायचा, आणि तोच माईक फक्त मॉनिटर २ मध्ये वाढवायचा. जिथे तो अडकेल तिथे गॅदरिंगच्या रात्री पण अडकणार.

यात यामाहा टीएफ बहुतेकदा जिंकतो. टचस्क्रीन मोठी, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) एका नॉबवर, शिकायला सोपा. एक्स-३२ बाजारात आला २०१२ मध्ये, म्हणजे जुना झाला, पडदा टचचा नाही, पण भाड्याने देणाऱ्यांकडे तो इतका पसरलाय की कुठलाही साउंडवाला येऊन चालवू शकतो, आणि त्याचं एक्स-३२ एडिट सॉफ्टवेअर फुकट आहे, मिक्सर नसतानाही लॅपटॉपवर उघडतं. मुलं हॉस्टेलवर बसून सीन (मिक्सरची सगळी सेटिंग एका नावाने साठवलेली) बनवतात आणि पेनड्राइव्हवर घेऊन येतात, शिकवण्याच्या दृष्टीने मला हे फार मोलाचं वाटतं. टीएफचं एडिटरही असंच ऑफलाइन चालतं. मिडास एम-३२ ची रचना एक्स-३२ सारखीच, बांधणी जास्त चांगली, एक शिकला की दुसरा आला. एसक्यूचा आवाज मला स्वतःला सगळ्यात आवडतो, पण तो ज्या कॉलेजमध्ये कायमचा कोणी टेक्निशियन आहे तिथे घ्यावा असं वाटतं.

परिसंवाद, चर्चा खूप होत असतील तर ऑटोमिक्स आहे का बघा. चार जण बोलायला बसले की जो बोलतो त्याचा माईक वर येतो आणि बाकीचे आपोआप खाली जातात. एक्स-३२ मध्ये हे पहिल्या ८ चॅनलवर मिळतं, त्यामुळे पोडियम आणि टेबलचे माईक पहिल्या आठातच लावायची सवय ठेवा.

आमच्यासारख्या कॉलेजला माझा सल्ला विचाराल तर एक्स-३२ मोठा किंवा टीएफ-३, सोबत स्टेजबॉक्स. बजेट तंग असेल तर एक्स-३२ कॉम्पॅक्ट आणि एस-३२, म्हणजे स्टेजवर ३२ इन १६ आउट. आणि त्याहून तंग असेल तर मिक्सर एक पायरी खाली घ्या पण माईक, स्टँड, डीआय बॉक्स (गिटार-कीबोर्ड मिक्सरला जोडायची डबी) आणि केबलचे पैसे कापू नका. महागड्या मिक्सरला लोकल माईक लावून काही होत नाही.

वीज

हे वाचून सोडून देऊ नका. ग्राउंडवरच्या एका कार्यक्रमात मंडपवाल्याच्या बोर्डमध्ये न्यूट्रल सैल होता. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि आमचे दोन पॉवर सप्लाय जळले. तेव्हापासून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजल्याशिवाय आम्ही काहीही प्लग करत नाही, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले की इलेक्ट्रिशियनला बोलावतो.

मिक्सर, स्टेजबॉक्स आणि राउटर ऑनलाइन यूपीएसवर ठेवा, १ केव्हीए पुरतो. जनरेटर बदलताना एक सेकंद वीज गेली तरी डिजिटल मिक्सर परत पूर्ण सुरू व्हायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ हॉलमध्ये शांतता असते. ॲम्प्लिफायर या यूपीएसवर लावू नका. साउंडची लाइन आणि लाइटच्या डिमरची लाइन वेगवेगळ्या फेजवर मागून घ्या, गुणगुण बरीच कमी होते.

मेनवर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारं सेटिंग, लावून ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्रात धरला जाऊ शकतो आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे परवानगी आणि वेळ आधी बघा आणि शेवटचं गाणं साडेनऊला संपेल असाच कार्यक्रम आखा.

कोटेशन आणि त्यानंतर

तीन कोटेशन घ्यावी लागतातच, पण तिघांना एकच यादी द्या, नाहीतर तुलना होत नाही. यादीत मिक्सर, स्टेजबॉक्स, लागेल ते कार्ड, केबल ड्रम आणि स्पेअर, राउटर, यूपीएस, फ्लाइट केस, दोन दिवसांचं ट्रेनिंग, जीएसटी वेगळा दाखवून. बिल अधिकृत डीलरचंच हवं, नाहीतर वॉरंटी अडते. बिघडला तर दुरुस्ती कुठे होते आणि तेवढे दिवस बदली मिक्सर मिळेल का, हे लेखी घ्या. आणि ऑर्डर द्यायच्या आधी तोच मिक्सर एका कार्यक्रमाला भाड्याने आणा, दहा डेमोंपेक्षा एक खरा कार्यक्रम जास्त शिकवतो.

आल्यावर त्याचं उद्घाटन गॅदरिंगला करू नका. आधी दोन-तीन छोटे कार्यक्रम, काव्यवाचन, सेमिनार वगैरे त्यावर करा. मग एक मूळ सीन बनवा, चॅनल १ ते ८ बोलण्याचे माईक, पुढे गायक, पुढे वाद्यं, शेवटी लॅपटॉप, नावं मराठीत उमटत नसतील तर सरळ टेप चिकटवून पेनने लिहा. हा क्रम वर्षभर बदलायचा नाही. प्रत्येक कार्यक्रम हाच सीन उघडून सुरू करायचा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करायचा. फर्मवेअर अपडेट कार्यक्रमाच्या आठवड्यात कधीच नाही.

मिक्सरच्या टेबलावर चहा आणि पाण्याची बाटली नाही, कोणी पाहुणा असला तरी नाही. ग्राउंडवरची धूळ फेडरमध्ये जाते म्हणून कार्यक्रम संपला की आधी कापड टाकायचं, मग वायरी गुंडाळायच्या. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि काम नसलं तरी पंधरा दिवसांनी एकदा तासभर चालू करा, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच.

आणि दर कार्यक्रमाला एसवायचा मुलगा किंवा मुलगी फेडरवर, एफवायचं कोणीतरी शेजारी, टीवायवाला मागे खुर्चीवर, हात न लावता. मूळ सीन दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक फ्लाइट केसमध्ये आणि एक ऑफिसच्या कपाटात, सोबत कागदावर छापलेली चॅनलची यादी.